चिठ्ठीत निघालेली बाजू

दिवाळीची सुटी संपून महाविद्यालय उघडलं की आठवडाभरात माझ्या पर्समध्ये ज्येष्ठमधाच्या काड्या येऊन पडतात. मी गात नाही, आणि माझा घसा वर्गात ओरडून ओरडून कधीचाच निबर झालाय. काड्या असतात मुलांसाठी. नाशिकची थंडी आधी कानांत शिरते आणि मग थेट घशात उतरते, आणि नेमका तोच आमचा हंगाम असतो. वक्तृत्वाचा, वादविवादाचा. धुकं अजून विरलेलं नसताना गेटपाशी जमलेली, सारखी खाकरणारी मुलं. थर्मासमधलं कोमट पाणी. आईच्या कपाटातली साडी नेसून आलेल्या आणि पदर सावरता सावरता निम्मं भाषण विसरणाऱ्या मुली. सभागृहात पाऊल टाकताच माईकची पहिली किंकाळी. मी अर्थशास्त्र शिकवते. पण गेली कित्येक वर्षं आमच्या महाविद्यालयाचं वक्तृत्व मंडळ माझ्याकडे आहे, आणि खरं सांगायचं तर वर्षातले हे दोन महिनेच मी मनापासून जगते.

यंदाही विभागीय वादविवाद स्पर्धेचं परिपत्रक मोबाईलवर आलं. मधलं एक वर्ष आमच्या महाविद्यालयाला त्यात भाग घेता आला नव्हता. आता बंदी संपली. सोबतच्या तरुण प्राध्यापिकेनं उत्साहानं विचारलं, "मॅडम, कोणाला पाठवायचं? मुलं विचारतायत." मी म्हटलं, बघू. नियमांचं पान उघडलं आणि वाचत बसले. ते मला पाठ आहेत. प्रत्येक महाविद्यालयातून दोघांचा एकच संघ. एक जण विषयाच्या बाजूनं बोलणार, दुसरा विरुद्ध. विषय आधी कळवला जाईल, पण कोणी कोणत्या बाजूनं बोलायचं ते स्पर्धेच्या दिवशी चिठ्ठी काढून ठरेल. एकदा निघालेली बाजू कोणत्याही कारणास्तव बदलून मिळणार नाही. वक्त्यानं भाषणात स्वतःचं नाव, गाव, महाविद्यालय यांचा उल्लेख करू नये.

चिठ्ठीचा नियम मला सगळ्यांत जास्त आवडायचा. नव्या मुलांना मी तोच आधी समजावून सांगायची. म्हणायची, अरे, आपल्याला जे वाटतं ते कोणीही बोलेल, न वाटणारं बोलून दाखवा. दुसऱ्याच्या डोक्यात शिरून बघा. मुलं माना डोलवायची. वैशालीनंही डोलवली होती.

वैशाली इगतपुरीकडची. घोटीला उतरून जीपनं आत जायचं आणि जीप थांबते तिथून पुढे चालायचं, असं तिचं गाव. गावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. भाताची खाचरं, वर नागलीच्या उतारावरच्या पट्ट्या, चार महिने छपराला छप्पर दिसणार नाही असा पाऊस, आणि होळीनंतर मात्र हंडाभर पाण्यासाठी झऱ्यापाशी रांग. नाशिकला ती मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होती. पहिल्या वर्षाला असताना वर्गात एकदा मी विचारलं, दरडोई उत्पन्न वाढलं म्हणजे सगळ्यांचं वाढलं का? शेवटच्या बाकावरून आवाज आला, "नाय मॅडम. आमच्याकडं पावसाची सरासरी लय मोठी हाय, पण मे महिन्यात ती प्यायला येत नाय." वर्ग हसला. ती हसली नाही. मी त्याच दिवशी तिला मंडळात ओढलं.

तिचा जोडीदार तुषार सटाण्याकडचा. कांद्याचं घर. अंगानं धिप्पाड, आवाज पहाडी, आणि गडबडला की प्रमाण मराठी सोडून सरळ अहिराणीत घसरायचा. दोघांची जोडी विजोड दिसायची, पण जमली. वाचनालयामागच्या पायऱ्यांवर उन्हाला पाठ देऊन ती दोघं भांडत बसायची. आज तू या बाजूनं, उद्या मी. मी मध्ये बसून शेंगा सोलत ऐकायची. त्या उन्हाची ऊब अजून माझ्या पाठीवर आहे असं कधी कधी वाटतं.

दोन वर्षांपूर्वी विषय आला: मोठ्या धरणांसाठी गावं उठवणं अपरिहार्य आहे.

परिपत्रक वाचून वैशाली एवढंच म्हणाली, "मॅडम, आमचं गाव जायचंय."

मला माहीत नव्हतं. तिनं कधी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या खोऱ्यात नवं धरण व्हायचं होतं. मोजणीची माणसं येऊन गेली होती. गावात बैठका चालू होत्या, आणि तिचे वडील, काळूभाऊ, नको म्हणणाऱ्यांत पुढे होते. मी तिला विचारलं, "नाव मागे घेऊया का? दुसरी स्पर्धा बघू."

"कशाला?" तिचे डोळे चमकले. "माझी बाजू निघाली ना, तर मला कोणी हरवू शकत नाय."

"आणि नाही निघाली तर?"

"निघेल," म्हणाली, आणि हसली. विशीतल्या मुलीच हसतात तसं.

तुषारची गंमत उलटी होती. त्यांच्याकडे पाण्याचा टँकर आला की बायका धावत सुटायच्या. धरण म्हटलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. तालमीत तो धरणाच्या बाजूनं बोलायला लागला की पायऱ्यांवरून जाणारी मुलं थांबायची, आणि वैशाली विरोधात बोलली की ती थांबलेली मुलं खाली बसायची. माझ्या मनात मी दोघांना चषक देऊनसुद्धा टाकला होता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी चांगलंच गारठलं होतं. यजमान महाविद्यालयाच्या मैदानावर मुलं पालापाचोळा पेटवून हात शेकत होती. धुळ्याची, जळगावची, नंदुरबारची, नगरची पोरं आली होती. चहाच्या टेबलापाशी वैशालीनं मला हळूच सांगितलं, "बापू यायचेत ऐकायला. आज जमिनीच्या कामाला नाशिकलाच हायेत. काम झालं की येतील." तिच्या वडिलांनी तिला आजवर एकदाही स्टेजवर बघितलं नव्हतं. तिनं निळी साडी नेसली होती. पदराला दोन ठिकाणी टाचण्या लावून तो पक्का केला होता.

चिठ्ठ्या एका स्टीलच्या डब्यात होत्या. आमच्या संघाचं नाव पुकारलं. वैशालीनं हात घातला, चिठ्ठी उघडली, आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं अक्षर लागत नाहीये. तुषारनं तिच्या हातातून चिठ्ठी घेऊन वाचली: अनुकूल. म्हणजे गावं उठवणं अपरिहार्य आहे, या बाजूनं. उरलेली चिठ्ठी अर्थातच त्याची.

"मॅडम," तुषार म्हणाला, आणि लगेच घसरला, "आमना गावले पाणीनी बोंब शे, आन मी धरणना इरोधमा बोलू?"

मी समन्वयकांकडे गेले. भला माणूस. डोक्याला मफलर, हातात नियमांची प्रत. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मुलीचं गाव, मोजणी, वडील. म्हटलं, सर, दुसऱ्या कोणाचं काही जात नाही. आमच्याच दोघांची आपसात अदलाबदल. दोघंही खुशीनं तयार आहेत.

त्यांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना वाईट वाटतंय. "मॅडम, तुम्ही स्वतः नियम समितीच्या बैठकीला होतात ना? मागे काय काय झालं होतं, आठवतं? एकाला सवलत दिली की पंधरा जण कारणं घेऊन येतात. कोणत्याही कारणास्तव, असं मुद्दाम घातलंय. मी आज बदलून दिलं, तर बाकीचे संघ मला उभं ठेवतील का?"

मला वाद घालता आला नाही. दुसऱ्या कोणत्या महाविद्यालयानं अशी विनंती केली असती तर विरोधात सर्वांत आधी मीच उभी राहिले असते.

परत येऊन मी वैशालीला म्हटलं, "बोलू नकोस. तू आजारी आहेस म्हणून सांगते." पण एक नाही बोलला तर दुसऱ्यालाही बोलता येत नाही, संघच बाद. तिनं तुषारकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. हे भाषण ऐकायला त्याची बहीण सटाण्याहून दोन एस.टी. बदलून आली होती. वैशालीनं पाण्याचा घोट घेतला, म्हणाली, "असू द्या मॅडम. बोलते. नियम हाय."

तिचा क्रमांक पुकारला तेव्हा मागचं दार उघडलं. पांढरी टोपी, खाकी रंगाचा जुना स्वेटर, हातात कापडी पिशवी. मी तिच्या वडिलांना पूर्वी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. कपाळ तेच. ते शेवटच्या रांगेत कडेला टेकले. बाजू चिठ्ठीनं ठरते, हे सुरुवातीचं सगळं निवेदन होऊन गेलं होतं. त्यांनी ऐकलं ते फक्त भाषण.

मला वाटलं होतं ती अडखळेल. निदान मनातून तशी इच्छा होती. पण ती पहिल्या वाक्यापासून सुरीसारखी चालली. बाकीच्या अनुकूल वक्त्यांनी वीज, सिंचन, राष्ट्रीय विकास असली पुस्तकातली रांग लावली होती. वैशाली त्यातलं काहीच बोलली नाही. ती बोलली ते आतलं.

"गाव पाण्यात बुडतं तेव्हा फोटो येतात," ती म्हणाली. "पण गाव चिखलात बुडतं, अंधारात बुडतं, रोज थोडं थोडं बुडतं, तेव्हा कोणी येत नाही. ज्या गावाला रस्ता नाही, त्या गावात आपण काय जपतोय? पावसात बाळंतपणाला निघालेली एक बाई डोलीतून ओढ्यापर्यंत येते. ओढ्याला पूर असतो. डोली खाली ठेवतात आणि पाणी उतरायची वाट बघतात. पाणी उतरतं. बाई उतरत नाही. त्या ओढ्याच्या मायेनं गळे काढणाऱ्यांनी एकदा त्या काठावर डोलीशेजारी बसून दाखवावं. मातीवर प्रेम करावं, जरूर करावं. पण माती आपल्यावर प्रेम करते, असा हिशेब कोणत्या बाईच्या मरणावर मांडलाय?"

मी मागे वळून बघितलं. काळूभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती, आणि ते टोपीकडे बघत होते.

टाळ्या थांबेनात. परीक्षकांपैकी एक बाई चष्मा पुसत होत्या. त्यानंतर तुषार बोलला, म्हणजे जेमतेम उभा राहिला. त्याच्या प्रत्येक वाक्याला खालून जणू कोणी ओढत होतं. तरीही वैशालीच्या गुणांवर आमचा संघ पहिला आला आणि पुण्याच्या अंतिम फेरीला पात्र ठरला.

बक्षीस घेऊन ती खाली उतरली आणि थेट वडिलांकडे गेली. मी मागोमाग. ती काही बोलायच्या आत काळूभाऊंनी पिशवीतून गूळशेंगदाण्याचे लाडू काढून तिच्या हातात दिले. "आत्यानं दिलेत," म्हणाले. मला नमस्कार केला. मी घाईघाईनं सांगू लागले, "भाऊ, ती जे बोलली ना, ते तिला चिठ्ठीत निघालं होतं. तसा नियम असतो. तिला तसं वाटतं असं नाही..."

"व्हय व्हय," ते म्हणाले. ऐकून घेतल्यासारखं. "चाराची गाडी हाय. निघतो."

मैदानात शेकोटीची राख उडत होती, आणि ते त्यातून गेटकडे चालत गेले. वैशाली लाडवांची पुडी छातीशी धरून बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मी ते नाटक म्हणून सुरू केलं होतं. पण बोलता बोलता मला ते खरं वाटायला लागलं. मधेच कळेना, मी कोणत्या बाजूची."

दुसऱ्याची बाजू समजून घ्यावी, असं मी इतकी वर्षं शिकवत आले. समजून घेतलेली बाजू परत कशी करायची ते मला कोणी विचारलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

इथवर असतं तरी काळानं ते बुजवलं असतं. घराघरांत बापलेकींमध्ये असे अबोले असतात आणि निवतातही. पण सभागृहात कोणीतरी वैशालीचं भाषण मोबाईलवर घेतलं होतं. वाईट हेतूनं नाही, कौतुकानंच. त्यातला मधला तुकडा, ओढ्यापासून टाळ्यांपर्यंतचा, आधी मुलांच्या गटांत फिरला, मग घोटीला पोहोचला, आणि एक दिवस तिच्या गावातल्या शाळेच्या ओट्यावर एका पोरानं तो सगळ्यांना मोठ्या आवाजात ऐकवला. गावात तेव्हा संमतीचं चाललं होतं. काही घरं हो म्हणत होती, काही नाही. कुंपणावर बसलेली बरीच होती. तरुण पोरांना तर गावात राहायचंच नव्हतं. त्यांना आयतं तोंड मिळालं. काळूभाऊ बैठकीत बोलायला उठले की मागून कोणीतरी म्हणायचं, "काळूदादा, आधी घरच्या पोरीला समजवा. ती तर जा म्हणते."

वैशालीचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं. "मॅडम, तुम्ही या ना एकदा. तुम्ही सांगा सगळ्यांना, ते नियमात होतं म्हणून. माझं कोणी ऐकत नाय."

रविवारी मी आणि तुषार गेलो. जीप थांबल्यावर पुढची चढण चढताना कापलेल्या भाताची खोडं दुतर्फा पिवळी पडलेली होती. हवा इतकी स्वच्छ की समोरच्या डोंगरावरचं एकेक झाड मोजावं. एक ओढा लागला. घोट्याएवढं पाणी, तळाचे गोटे दिसत होते. वैशालीची आत्या आम्हाला घ्यायला आली होती. तिनं पाण्यातून जाताना सहज सांगितलं, "हितंच वैशीच्या आईची डोली ठिवली व्हती."

तुषार पाण्यात थांबला. मीही. मला वाटत होतं ती एक कुठली तरी बाई होती. वैशालीला गाव सांगायची मनाई होती, नाव सांगायची मनाई होती. मग तिनं आईला बिननावाचीच स्टेजवर नेलं होतं.

शाळेच्या ओट्यावर सगळे जमले. काळा चहा आला. मी उभी राहिले आणि विभागीय वादविवाद स्पर्धेचे नियम त्या माणसांना समजावून सांगू लागले. डबा असतो, त्यात चिठ्ठ्या असतात. जी निघेल ती बाजू. बदलता येत नाही. मुलांना दोन्हीकडून विचार करता यावा म्हणून. बोलताना मला माझाच आवाज परका वाटत होता. माणसं सभ्यपणे ऐकत होती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजे मनात एक आन तोंडात एक, त्याची परीक्षा असती का?"

"तसं नाही बाबा..."

"नाय, मी इचारतो. आमच्याकडं तसं बोललं तर माणसं नावं ठिवतात. तुमच्याकडं बक्षीस देतात म्हणून इचारलं."

मग आत्या म्हणाली, "मंग दुसरीकडून कोण बोललं? आमच्या बाजूनं?"

तुषारनं हात वर केला. "मी. मी बोललो."

"मंग तुझं का नाय आलं मोबाईलवर?"

तो एवढा धिप्पाड पोर, खाली बघत म्हणाला, "मी वाईट बोललो. माझं कोणी घेतलं नाही."

तेव्हा तो मोबाईलवाला पोरगाच म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, खरीच इच्छा होती, "वैशीताई, आता आपल्या बाजूनं बोल ना. तसंच बोल. मी घेतो मोबाईलवर. ते पण पाठवू सगळीकडं."

माझा जीव भांड्यात पडला. बरोबर, मी म्हटलं मनात. हेच. वाचनालयाच्या पायऱ्यांवर हेच भाषण तिनं किती वेळा केलं होतं. मी तिच्याकडे बघून मान हलवली. ती ओट्याच्या मधोमध उभी राहिली. वर आभाळ निळंभोर. पोरानं मोबाईल धरला. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं, बापासकट.

"हे गाव," वैशाली म्हणाली.

पुढे काही येईना. तिनं पुन्हा सुरुवात केली. "हे गाव आमचं..." तिची नजर माणसांवरून, खाचरांवरून, खालच्या ओढ्याकडे गेली आणि तिथेच अडकली. ओठ हलत होते. पायऱ्यांवर जे धडाधड यायचं त्यातलं एक वाक्य तिला सापडेना. तिथे गाव हा विषय होता. इथे ते समोर बसलं होतं. मी तिला मुद्दे सुचवायला तोंड उघडलं, आणि लाजून मिटलं. मग कोणी खोकलं, कोणी तंबाखू मळायला काढली. पोरानं मोबाईल हळूहळू खाली घेतला.

काळूभाऊ उठले. तिच्यापाशी गेले, तिच्या डोक्यावरून पदर सारखा करावा तसा हात फिरवला. "चल," म्हणाले. "बास झालं."

आणि दोघं घराकडे निघून गेली. आम्हाला जेवायला थांबवलं, वाढलं, सगळं रीतीनं झालं. नागलीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण. वैशाली वाढत होती.

पुण्याला ती गेली नाही. मी आग्रह केला नाही. पात्र ठरलेला संघ न कळवता गैरहजर राहिला तर त्या महाविद्यालयाला पुढच्या वर्षी प्रवेश नाही, हाही नियमच. मी कळवलं असतं तरी कारण काय लिहिणार होते? प्राचार्यांनी बोलावून विचारलं. म्हटलं, मुलीची तब्येत. तुषारनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. त्यानंतर तो कोणत्याच स्पर्धेला उभा राहिला नाही, आता गावी कांद्याच्या चाळीवर असतो. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे पाणी कधी आलं ना, तर मला प्यायला बरं नाही वाटणार." मी म्हटलं, वेडा आहेस का. पण मला कळलं.

मी कधी कधी विचार करते की चूक कुठे झाली, आणि बोट ठेवायला जागा सापडत नाही. समन्वयक बरोबर होते. नियम चांगला आहे, आजही मी तो समितीत राखायलाच सांगेन. ज्यांचं घर विषयात येत नाही त्यांच्यासाठी तो फार चांगला आहे. मोबाईलवर घेणाऱ्यानं कौतुकानं घेतलं. पोरांना खरंच रस्ता हवाय, दवाखाना हवाय. आणि वैशाली खोटं बोलली नाही, हे तर सगळ्यांत वाईट. तिनं सांगितलेला शब्दन् शब्द खरा होता. फक्त तो तिचा निम्मा होता, आणि उरलेला निम्मा सांगायला तिला तोंड उरलं नाही.

या महिन्यात सीबीएसच्या बसस्थानकावर मी बसची वाट बघत उभी होते. ऊन कलतं होतं, गारठा चढायला लागला होता. समोरून काळूभाऊ आले. आधी मी ओळखलं नाही, बरेच वाळलेत. त्यांनीच नमस्कार केला. आम्ही बाकावर बसलो. मी चहा घेतला, त्यांनी नको म्हणत घेतला. गावचं विचारलं. बहुतेक घरांनी सह्या केल्या. काम अजून सुरू नाही, पण घरांवर रंगानं आकडे टाकून गेलेत. यांनी सही केलेली नाही. "आमच्यासारखी दोन-चार घरं उरलीत. काय होणार, ते दिसतंच हाय." वैशाली घोटीला एका शाळेत शिकवते, रोज घरून जाऊन येऊन करते. बरी आहे. "घरात बोलती, पण कामापुरतं. गावात कोणाला काय म्हणत नाय."

मी म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी मी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं."

त्यांनी मान हलवली. "मला कळलं व्हतं मॅडम. चिठ्ठीचं, समदं. वैशीनं बी सांगितलं नंतर." इगतपुरीची गाडी फलाटाला लागली, लोक धावले, तरी ते उठले नाहीत.

"एक इचारू का? खरं सांगा. ती तिथं चांगली बोलली का? बाकीच्यांपरीस?"

"फार चांगली बोलली, भाऊ. इतक्या वर्षांत मी तसं ऐकलं नाही."

त्यांनी मान डोलावली, दोनदा, तीनदा.

"मला बी वाटलं," म्हणाले. "तिच्या आईचं बोलली तवा... तिथं कोणी कागद पुढं केला असता ना मॅडम, तर मी सही करून टाकली असती."

कंडक्टरनं घंटी मारली. ते उठले, पिशवी खांद्याला लावली, पायरीवर चढले आणि वळून म्हणाले, "हे तिला सांगू नका. अजून मी तिला चांगली बोलली, एवढं सुद्धा बोललो नाय. कसं बोलू?"

गाडी निघाली. मी हात वर केला.